पाणीटंचाईत ट्रॅक्टर व फवारणी पंप कसे धुवावेत?



उन्हाळा चढू लागला, विहिरींनी तळ गाठला आणि गावात टँकरच्या खेपा सुरू झाल्या, की ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पहिली सूचना लागते ती वाहने न धुण्याची. शहरातही तसेच होते. मार्च २०२४ मध्ये बंगळूर शहरात पिण्याचे पाणी गाड्या धुण्यास वापरल्यास ५,००० रुपये दंड ठरविण्यात आला. आपल्याकडे एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी गेले. ज्या गावात माणसाला प्यायला पाणी रेल्वेने येते तेथे गाडीवर पाण्याचा फवारा सोडणे कोणालाच शोभत नाही, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

परंतु शेतकऱ्याची अडचण शहरातील मोटारमालकापेक्षा वेगळी आहे. मोटार महिनाभर न धुतली तर ती मळकट दिसेल, याहून अधिक काही बिघडत नाही. ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत मात्र भुसा व धूळ बसली तर इंजिन तापते. खत पेरलेले पाभरयंत्र तसेच ठेवले तर पुढच्या हंगामापर्यंत त्याची पेटी गंजून जाते. आणि फवारणीचा पंप न धुता ठेवला तर पुढच्या फवारणीत पीक जळण्यापासून माणसाला विषबाधा होण्यापर्यंत काहीही घडू शकते. तेव्हा टंचाईत यंत्रे धुवावीत की नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणते यंत्र धुवावेच लागते, कोणते नुसते झाडून-पुसून भागते आणि धुवायचेच तर किती कमी पाण्यात व कोठे, हे पाहिले पाहिजे.

पाणी जाते कोठे?

गावोगाव सर्वसाधारणपणे दिसणारी पद्धत अशी: ट्रॅक्टर विहिरीजवळ आणायचा, मोटार सुरू करायची आणि पाइपाचे तोंड ट्रॅक्टरवर धरायचे. विहिरीवरील ३ अश्वशक्तीचा पंप, पाणी १५ ते २० मीटर खोल असेल तर, सेकंदाला साधारण ४ लिटर पाणी फेकतो. पंधरा मिनिटे धुणे चालले तर ३,६०० लिटर पाणी गेले. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने हे पाणी ६५ माणसांना एक दिवस पुरले असते. घरच्या नळाला अर्ध्या इंची रबरी नळी लावली आणि मिनिटाला १५ लिटर पाणी धरले, तर त्याच पंधरा मिनिटांत २२५ लिटर जाते. पुढे सांगितलेल्या पद्धतीने ३५ ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर चार ते पाच बादल्यांत, म्हणजे ६० ते ७५ लिटरमध्ये, व्यवस्थित निघतो. मेहनत थोडी जास्त पडते, हे मात्र मान्य केले पाहिजे.

पाइपाने धुताना बहुतेक पाणी मातीचा थर भिजविण्यातच खर्ची पडते. काळ्या मातीचा गुणच असा की ती पाणी पिऊन फुगते व चिकट होते. ओल्या चिकट मातीवर कितीही पाणी मारले तरी वरचा पदर तेवढा निघतो. हीच माती पूर्ण वाळली की आकसते, तिला भेगा पडतात आणि लाकडाचा हलका ठोका बसला तरी खपल्या सुटतात. म्हणून चिखलणी किंवा ओल्या रानातील पाळी करून आलेला ट्रॅक्टर लगेच धुण्याची घाई करू नये. एक दिवस उन्हात वाळू द्यावा. (खत व औषध लागलेल्या यंत्रांना हा नियम लागू नाही. ती त्याच दिवशी स्वच्छ करावीत. त्याविषयी पुढे येईलच.)

आधी कोरडे काम

माती वाळल्यावर लाकडी पट्टीने टायरच्या गुट्ट्यांमधील, मडगार्डच्या आतील व पुढच्या आसाखालील ढेकळे पाडावीत. लोखंडी खुरपे वापरू नये. त्याने रंग निघतो, आणि रंग निघाला तेथून गंज सुरू होतो. नंतर खराट्याने व जुन्या ब्रशने धूळ झाडावी. ग्रीस व ऑईलचा काळा थर असेल तेथे पाण्याचा काही उपयोग होत नाही. तो काडीने खरवडून काढावा, वर लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस चोळावे आणि डिझेलमध्ये किंचित भिजविलेल्या चिंधीने पुसावे. तेलकट तूस व चिंध्या गोठ्यात, उकिरड्यावर किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत. झाकणाच्या डब्यात वेगळ्या ठेवाव्यात, कारण त्या लवकर पेट घेतात.

मळणीयंत्राला तर पाणी लावूच नये. खराटा आणि कोरडे फडके एवढे पुरे. रोटाव्हेटर, वखर, नांगर यांचेही पुष्कळसे काम कोरडेच होते. मात्र ही अवजारे भाड्याने गावभर फिरत असतील तर ती शेत सोडण्यापूर्वी त्या शेताच्या बांधावरच झाडावीत. १९५५ साली पुण्यात प्रथम नोंदलेले गाजर गवत आज कोणत्या रानात नाही? त्याचे बारीक बी असेच चाकांना व पात्यांना लागून रानोमाळ गेले. तुरीच्या मर रोगाची बुरशी मातीत राहते आणि सूत्रकृमीही मातीबरोबरच फिरतात. दुसऱ्याच्या रानातली माती आपल्या रानात आणून मग ती विहिरीवर धुण्यात काय अर्थ?

बियाणे व खत पेरण्याच्या यंत्राची खतपेटी पेरणी संपताच रिकामी करावी. युरिया व डीएपी हवेतील ओल ओढून घेतात आणि पेटीच्या कोपऱ्यात, दातेरी चाकांत घट्ट बसतात. ब्रशने सर्व दाणे काढून घ्यावेत, नंतर ओल्या फडक्याने दोनदा पुसावे, उन्हात वाळवावे आणि पत्र्याला वापरलेल्या इंजिन ऑईलचा अगदी पातळ हात द्यावा. या सर्वाला चार-पाच लिटरपेक्षा जास्त पाणी लागत नाही. पुसलेले पाणी झाडाच्या आळ्यात टाकले तरी चालते, त्यात खतच असते. बियाण्याच्या पेटीचे तसे नाही. बियाणे औषध चोळलेले असेल तर ती पेटी औषधाच्या पंपासारखीच समजावी.

ट्रॅक्टर धुताना

इंजिन बंद करून किमान तासभर थंड होऊ द्यावे. तापलेल्या सिलिंडर हेडवर किंवा मॅनिफोल्डवर गार पाणी पडले तर तडा जाण्याचा धोका असतो. डिझेल पंपाच्या बाबतीत अधिकच काळजी घ्यावी. त्यातील प्लंजर इतके घट्ट बसविलेले असतात, की गरम पंपावर एकदम गार पाणी पडून बाहेरचे कवच आकसले तर ते आतल्या आत अडकतात. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हँडब्रेक ओढावा व चाकांना दगड लावावेत. मागे जोडलेले अवजार जमिनीवर टेकवून ठेवावे. लिफ्टवर उचललेल्या रोटाव्हेटरखाली शिरून पाते धुणारे लोक आम्ही पाहिले आहेत. लिव्हरला चुकून हात लागला किंवा तेलाची नळी फुटली तर काय होईल, हे त्यांनीच विचारात घ्यावे.

यानंतर झाकाझाक करावी. एअर क्लीनरच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. सायलेन्सरवर रिकामा डबा उपडा घालावा. डायनामो किंवा अल्टरनेटर, सेल्फ स्टार्टर व बॅटरी यांवर प्लॅस्टिक गुंडाळावे. ऑईल भरण्याची, डिझेल टाकीची व गेज पट्टीची झाकणे घट्ट आहेत का पाहावे. गिअरपेटीच्या व मागील आसाच्या हवा जाण्याच्या छिद्रांवर फवारा कधीच मारू नये. तेथून पाणी आत गेले की ऑईल दुधी रंगाचे होते, आणि ते बदलण्याचा खर्च धुण्यापेक्षा कितीतरी जास्त येतो. एअर क्लीनर ऑईल बाथचा असेल तर त्याची वाटी व जाळी डिझेलने धुवावी. कागदी फिल्टर असेल तर त्याला पाणी लावू नये, हलके आपटून धूळ झाडावी. बॅटरीच्या टोकांवर आलेला पांढरा-हिरवा क्षार खाण्याचा सोडा घातलेल्या कपभर पाण्याने व जुन्या टूथब्रशने निघतो. त्या वेळी झाकणे घट्ट असावीत, सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

आता भिजविण्याचे काम. कोरडे झाडूनही जेथे माती उरली असेल तेथे ओले गोणपाट अर्धा तास घालून ठेवावे. जुनी गोणपाटे एका बादलीत बुडवून, पिळून मडगार्डवर, पायरीवर, चाकाच्या तबकडीवर पसरावीत. एका बादलीचे पाणी अर्ध्या तासात जे काम करते ते पाइपाचे शंभर लिटर पाणी पाच मिनिटांत करीत नाही. मातीला पाणी शोषायला वेळ लागतो, आणि पाइपाचे पाणी तेवढा वेळ थांबत नाही.

धुताना दोन बादल्या घ्याव्यात. एकीत थोडा साबण घातलेले पाणी, दुसरीत साधे. फडके साबणाच्या पाण्यात भिजवून एक भाग पुसावा, मग ते साध्या पाण्यात पिळून त्यातील माती काढावी आणि पुन्हा साबणाच्या पाण्यात बुडवावे. असे केले तर साबणाचे पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहते, आणि फडक्यातील रेतीने रंगावर ओरखडे येत नाहीत. सुरुवात वरून करावी: बॉनेट, स्टिअरिंग, मडगार्ड, नंतर खालचे भाग आणि सर्वांत शेवटी टायर. टायरला कपडे धुतलेले पाणी चालते. मात्र ते इंजिनाला लावू नये. बोअरचे पाणी खारे असेल तर बॉनेट व दिव्यांवरून शेवटी गोड्या पाण्याचे ओले फडके फिरवावे, नाहीतर पांढरे डाग राहतात व सांध्यांत गंज धरतो.

रेडिएटरला जोराचा फवारा देऊ नये. त्याच्या पातळ पत्र्या वाकल्या की हवा जाण्याची वाट कायमची बंद होते. इंजिन बंद ठेवून, पंख्याच्या बाजूने बाहेरच्या बाजूकडे मऊ ब्रशने व जमल्यास हवेच्या पंपाने धूळ काढावी. पुढून पाणी मारले तर भुसा आणखी आत घुसतो. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, हे सर्वांना ठाऊक असूनही दर हंगामात कोणाचे तरी तोंड भाजतेच.

धुणे झाल्यावर सर्व ग्रीस निपलांना जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन ग्रीस द्यावे. आत शिरलेले पाणी त्याबरोबर बाहेर पडते. झाकणे व पिशव्या काढाव्यात (सायलेन्सरवरचा डबा आधी!), इंजिन दहा मिनिटे हळू चालवावे. क्लच व ब्रेकच्या पायट्यांवर साबण राहिलेला नाही ना, हे पाहावे. कोरडे ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पाणी गेल्यास ब्रेक लागत नाहीत. म्हणून मोकळ्या जागी सावकाश चालवून दोन-चार वेळा ब्रेक दाबून सुकवावेत, दोन्ही ब्रेक सारखे धरतात की नाही ते तपासावे आणि मगच ट्रॉली जोडावी. उसाची भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर गेल्यावर ब्रेक ओले असल्याचे कळून उपयोग नाही.

विजेवर चालणारा दाबाचा पंप वापरत असाल तर त्याला अर्थिंग असलेली जोडणी घ्यावी. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून स्टार्टर किंवा जोडवायर हाताळू नये.

फवारणी पंप: थोड्या पाण्याचे गणित

ट्रॅक्टर महिनाभर नाही धुतला तर चालेल. पण फवारणी पंप प्रत्येक दिवसाच्या कामानंतर धुतलाच पाहिजे, मग टंचाई कितीही असो. सुदैवाने यालाच सर्वांत कमी पाणी लागते, मात्र ते कसे वापरावे हे कळले पाहिजे.

समजा, पाठीवरचा पंप रिकामा केल्यावर टाकीच्या तळाशी, नळीत व लान्समध्ये मिळून २०० मिलिलिटर द्रावण उरले. तुमच्याकडे धुण्यासाठी ६ लिटर पाणी आहे. हे सर्व पाणी एकदम टाकीत ओतून हलवून काढले, तर उरलेले द्रावण ६.२ लिटरमध्ये मिसळले गेले, म्हणजे औषधाची तीव्रता मूळच्या एकतिसाव्या हिश्शावर आली. आता हेच ६ लिटर पाणी दोन-दोन लिटर असे तीन वेळा वापरून पाहा. पहिल्या वेळी २०० मिलिलिटर द्रावण २.२ लिटरमध्ये मिसळले, म्हणजे तीव्रता अकराव्या हिश्शावर आली. ते पाणी काढून टाकल्यावर पुन्हा २०० मिलिलिटरच आत राहिले, पण ते अकरा पट पातळ. दुसऱ्या वेळी ते आणखी अकरा पट पातळ झाले, म्हणजे १२१ वा हिस्सा. तिसऱ्या वेळी १,३३१ वा हिस्सा. पाणी तेवढेच, परंतु पंप चाळीस पटींहून अधिक स्वच्छ झाला.

जगभर तीन वेळा विसळण्याची शिफारस केली जाते ती याच कारणाने. भरपूर पाण्याने एकदा धुण्यापेक्षा थोड्या पाण्याने तीनदा धुणे केव्हाही चांगले. घरातील ताकाचे भांडे विसळणारी गृहिणी हे पुस्तक न वाचताच करीत असते.

तीनही वेळा पाणी टाकीत घातल्यावर झाकण लावून पंप चांगला हलवावा, दांडा मारून पाणी नळीतून, लान्समधून व नोझलमधून बाहेर काढावे. नुसती टाकी उपडी करून भागत नाही, कारण नळीतील द्रावण तसेच राहते. शेवटच्या वेळी गाळणी व नोझल सुटे करून कपात धुवावे. नोझलमध्ये कचरा अडकला तर मऊ ब्रशने किंवा गवताच्या काडीने काढावा. तारेने छिद्र मोठे होते व फवारा बिघडतो. तोंडाने फुंकून नोझल साफ करण्याची सवय फार जुनी आहे आणि फार घातकही. ती सोडून द्यावी. बॅटरीवरील पंप असेल तर तो पाण्यात बुडवू नये, कारण बॅटरी व स्विच तळाच्या खोक्यात असतात. तो भाग ओल्या फडक्याने पुसावा.

हे विसळलेले पाणी टाकायचे कोठे? ज्या पिकावर फवारणी केली त्याच पिकावर. त्यासाठी शेवटचा पंप भरतानाच हिशेब करून दोन-तीन सरी शिल्लक ठेवाव्यात व विसळलेले पाणी तेथे फवारावे. एकाच जागी ओतू नये. बांधावरही फवारू नये, कारण बांधावरचे गवत जनावरांच्या वैरणीला जाते. म्हणजे पाहा, विसळायला घेतलेले पाणीही वाया गेले नाही, फवारणीतच कामी आले. त्याकरिता सकाळी शेतावर जाताना ६ लिटर स्वच्छ पाणी वेगळ्या डब्यात नेऊन ठेवावे, म्हणजे पंप घेऊन विहिरीवर किंवा ओढ्यावर जाण्याची वेळच येत नाही.

औषधाच्या रिकाम्या बाटलीलाही हाच न्याय. बाटली रिकामी होताच तिच्या पाव भागापर्यंत पाणी घालून, बूच लावून अर्धा मिनिट हलवावे व ते पाणी पंपाच्या टाकीत ओतावे. असे तीनदा करावे. हे द्रावण तयार करतानाच करावे, म्हणजे हे पाणी फवारणीच्या पाण्यातच धरले जाते. औषध वाळल्यावर ते निघत नाही. विसळलेल्या बाटलीला भोके पाडून ती निकामी करावी. तिच्यात रॉकेल, तेल किंवा पाणी भरून ठेवू नये, आणि ती जाळूही नये.

तणनाशकाचा पंप

येथे थोडे थांबून लिहावेसे वाटते, कारण दरवर्षी या एका कारणाने पिकांचे नुकसान झाल्याच्या तक्रारी येतात. गहू, ज्वारी, ऊस या पिकांत रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी वापरतात. कापूस, द्राक्ष, टोमॅटो, वांगी, सूर्यफूल व कडधान्ये यांना ते अगदी अल्प प्रमाणातही बाधते. कपाशीची नवी पाने अरुंद, बोटांसारखी फाटलेली, भेंडीच्या पानासारखी दिसू लागतात, शिरा जवळ येतात, पाते-फुले गळतात. शेतकरी त्याला विषाणू रोग समजून आणखी औषधे फवारतो. खरे कारण असते उसात वापरून नुसत्या पाण्याने विसळलेला पंप.

हे तणनाशक रबरी नळीत व वॉशरमध्ये मुरते आणि हळूहळू बाहेर येते. म्हणून वरील गणित येथे पुरेसे नाही. तीनदा विसळून झाल्यावर लिटरला १० ग्रॅम या प्रमाणात धुण्याचा सोडा विरघळवून टाकी भरावी, नळी व लान्समध्येही ते पाणी खेळवावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी ते काढून पुन्हा दोनदा स्वच्छ पाण्याने विसळावे. एस्टर प्रकारचे, तेलकट द्रावण वापरले असेल तर सोड्यापूर्वी थोड्या रॉकेलने आतून धुवावे लागते. इतके करूनही खात्री हवी असेल तर पंपात स्वच्छ पाणी भरून ते टोमॅटोच्या दोन-चार रोपांवर फवारावे व दोन-तीन दिवस वाट पाहावी. पाने व शेंडे मुरडले तर पंप अजून स्वच्छ झालेला नाही.

१५ लिटरच्या पंपाला या सर्वात पंचवीस लिटरच्या आसपास पाणी जाते. टंचाईत ते कोठून आणायचे? त्यापेक्षा तणनाशकासाठी स्वतंत्र पंप ठेवावा हे उत्तम. जुना पंप दुरुस्त करून त्यावर लाल रंगाने ‘तणनाशक’ असे ठळक लिहावे. ऐपत नसेल तर दोघा-तिघा भाऊबंदांनी मिळून एक पंप ठेवावा. एका कपाशीच्या फडाच्या नुकसानीपुढे त्याची किंमत काहीच नाही. भाड्याने किंवा उसना आणलेला पंप मात्र आधी कशासाठी वापरला होता, हे विचारल्याशिवाय भरू नये.

धुण्याची जागा

विहीर, आड, ओढा, नदीचा डोह आणि जनावरांचा हाळ या जागी कोणतेही यंत्र धुवू नये. उन्हाळ्यात विहिरीत पाणी कमी असते तेव्हा धोका अधिकच वाढतो. पावसाळ्यात भरलेल्या विहिरीत पडलेले चमचाभर औषध आणि तळाशी गेलेल्या विहिरीत पडलेले चमचाभर औषध यांत कितीतरी पटींचा फरक आहे. ओढ्याचे वाहते पाणी आटून डबके झालेले असते व त्याच डबक्यावर गावची गुरे येतात. हाळावर पंप धुतला आणि संध्याकाळी जनावरे लाळ गाळू लागली, असे प्रसंग घडतात.

ट्रॅक्टरसाठी विहिरीपासून शंभर फुटांहून दूर, उताराच्या खालच्या बाजूस मुरूम-खडीची जागा करावी. तिच्या कडेला मीटरभर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तळाशी मोठे दगड, वर लहान दगड व सर्वांत वर जाड वाळू भरावी. त्याच्या तोंडाशी तुसाने भरलेली घमेली ठेवली तर पाण्याबरोबर येणारे तेल तुसात अडकते. औषधाच्या पंपाचे पाणी मात्र या शोषखड्ड्यात सोडू नये. दगडांतून ते सरळ खाली झिरपते. औषधाचा नाश करायचा तर त्याला जिवंत माती व काडीकचरा लागतो, कारण तेथील सूक्ष्म जंतू त्याचे विघटन करतात. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात शेतकऱ्यांनी या तत्त्वावर काड, माती व कुजलेले सेंद्रिय द्रव्य भरलेले, वर गवत लावलेले खड्डे करून त्यावरच फवारणी यंत्रे उभी करण्यास सुरुवात केली. आपल्याकडे पाठीवरच्या पंपाला एवढा खटाटोप लागत नाही. शेतातच विसळून शेतातच फवारले की प्रश्न संपतो. द्राक्षबागेतील मोठ्या ब्लोअरसाठी मात्र असा विचार करण्यासारखा आहे.

धुणाऱ्याची काळजी

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. फवारणीच्या वेळी काळजी घेणारेही पंप धुताना हातमोजे काढून ठेवतात. अंग घामेजलेले असते, दिवसभराच्या कामाने कंटाळा आलेला असतो आणि नेमके तेव्हाच औषध हाताला लागते. तेव्हा हातमोजे, पायात रबरी बूट व पूर्ण बाह्यांचा सदरा धुणे संपेपर्यंत अंगावर ठेवावा. हातमोजे घातलेले असतानाच आधी बाहेरून साबणाने धुवावेत आणि मग काढावेत. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा: लाल म्हणजे अतितीव्र, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा.

औषधाचे कपडे घरातील इतर कपड्यांत मिसळू नयेत. ते बहुधा घरातील बाईच धुते, तिला कशाचे औषध होते ते सांगावे. तिनेही ते वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवावेत. पाणी कमी आहे म्हणून त्याच पाण्यात दुसरे कपडे बुडवू नयेत. पाणी वाचविण्याच्या बाकी साऱ्या युक्त्या चालतील, ही चालणार नाही. घरातील हंडा, कळशी, तांब्या औषधाच्या कामाला लावू नयेत. खूण केलेली वेगळी बादली असावी. मळमळ, फार घाम, लाळ, धूसर दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे यांपैकी काही जाणवले तर काम थांबवावे, कपडे काढून अंग साबणाने धुवावे (येथे पाण्याची काटकसर करू नये) आणि औषधाचा डबा किंवा वेष्टन बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

मोटारसायकल, जीप, मोटार

यांना वेगळे काही सांगण्यासारखे नाही. दोन बादल्यांची पद्धत येथेही चालते. मोटारसायकलला अर्धी बादली, जीपला किंवा मोटारीला दोन बादल्या पुरतात. धूळ बसलेल्या रंगावर कोरडे फडके घासू नये, आधी मऊ कुंच्याने झाडून मगच ओले फडके लावावे. काचा, दिवे व नंबरपाटी यांची स्वच्छता मात्र टंचाईतही टाळू नये, कारण रात्री समोरच्याला दिसण्याचा तो प्रश्न आहे. त्याला तांब्याभर पाणी पुरते. साखळी पाण्याने धुऊ नये, डिझेलच्या चिंधीने पुसून तेल द्यावे.

पहिल्या वळवाच्या पावसात पत्र्याच्या पन्हाळीखाली पिंप ठेवल्यास हे पाणी सहज मिळते. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे २० चौरस मीटरच्या गोठ्यावर १० मिलिमीटरची एक सर आली तर जवळजवळ २०० लिटरचे पिंप भरते.

शेवटी एका पद्धतीविषयी. अलीकडे बऱ्याच ठिकाणी फवारणीच्या एचटीपी पंपाची गन ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि कधी कधी जनावरेही धुण्यासाठी वापरतात. दाब चांगला मिळतो व पाणी कमी लागते, हे खरे. परंतु आदल्या दिवशी त्याच टाकीतून व त्याच लांब नळीतून कीटकनाशक गेलेले असते. शंभर मीटर नळीत कित्येक लिटर द्रावण मावते, आणि ते सर्वांत आधी सीटवर, स्टिअरिंगवर व धुणाऱ्याच्या अंगावर येते. ही गन वापरायचीच असेल तर धुण्यासाठी नळी, गन व पाण्याची टाकी पूर्णपणे वेगळी ठेवावी. पंपाचा हेड तेवढा सामाईक राहील, तो त्याच शेतात तीनदा विसळून घ्यावा. दाब निम्म्यावर आणावा, गन दोन हात दूर धरावी आणि बेअरिंग, ऑईल सील व रेडिएटर यांवर मारू नये. जनावरांवर ती मुळीच वापरू नये.